मलिकंबराचा धारा

अहिल्यानगर जिल्ह्यात थोर माणसांची वानवा नाही. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या पाटलाची लेक माळव्याची राज्यकर्ती झाली आणि २०२४ मध्ये अख्ख्या जिल्ह्याला तिचे नाव मिळाले. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पारनेरने सेनापती बापट दिले. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू आणि त्यांचे सहकारी कैदेत होते. त्याच किल्ल्याच्या तटाकडे बोट दाखवून, चांदबिबीने एका रात्रीत खिंडार कसे बुजवून घेतले, हे रंगवून सांगणारा माणूसही इथे हमखास भेटतो. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण इतिहासातला माझा सर्वांत आवडता माणूस कोण, असे कोणी विचारले तर मी मलिक अंबरचे नाव घेतो. ते ऐकून समोरचा बहुधा म्हणतो, ‘हां, तो गनिमी काव्यावाला!’

गनिमी काव्यासाठी त्याचे नाव घ्यावे हे बरोबरच आहे. अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना त्याने पाव शतक दक्षिणेत अडवून धरले. तरीही माझ्या कौतुकाचे मूळ कारण वेगळे आहे, आणि हे पुस्तक लिहायला बसलो तेही त्याच कारणाने. हे सगळे युद्ध चालू असताना, राजधानी एकीकडून दुसरीकडे हलवावी लागत असताना, या माणसाने जमिनीची प्रतवारी करून घेतली, पिकाचा अंदाज बांधला आणि कुणब्याने सरकारला किती द्यायचे ते ठरवून दिले. मक्तेदाराच्या लहरीवर चालणारी वसुली त्याने मोडली. पुढची कित्येक वर्षे मराठी मुलुखात लोक ‘मलिकंबरी धारा’ असा त्याचा हवाला देत राहिले. राज्य बुडाले, राजघराणे संपले, त्याचा वंश विस्मरणात गेला, पण धारा लोकांच्या लक्षात राहिला.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. ही माहिती आपल्याला मिळते ती पीटर व्हॅन डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याकडून. १६१७ मध्ये तो अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. मोखा बंदरात हे पोर ऐंशी गिल्डरांना विकले गेले, असेही तो लिहून ठेवतो. तिथून बगदाद. मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याची हुशारी हेरली, त्याला लिहायला-वाचायला, हिशेब ठेवायला शिकवले आणि त्याचे नाव अंबर ठेवले. मग पुन्हा गलबत आणि पुन्हा विक्री. या वेळी घेणारा होता चंगीझखान, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा. हा चंगीझखान स्वतःही एकेकाळी विकून आणलेला हबशी होता. दक्षिणेतल्या शाह्यांत हे घडत असे. गुलाम म्हणून आलेला माणूस फौजेत चढे, कारभारी होई, आणि एखादा थेट राज्याच्या पेशवाईपर्यंत पोचे. कारभार कसा चालतो हे अंबरने चंगीझखानाच्या दारात उभे राहून पाहिले असणार. पंचविशीतल्या चलाख माणसाला यापेक्षा चांगली शाळा मिळाली नसती.

धन्याच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला. पुढची वीसेक वर्षे विजापूर, गोवळकोंडा अशी फिरण्यात गेली. लहान पदांवर नोकऱ्या, हाताखाली मूठभर माणसे. हा काळ इतिहासाची पुस्तके एका ओळीत उरकतात. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. चाळिशी उलटून गेली तरी जो दीडशे स्वारांचा नाईक आहे, तो पन्नाशीनंतर एका राज्याचा आधारस्तंभ होतो, याचा अर्थ मधल्या काळात तो या मुलुखाच्या वाटा, घाट, पाणवठे आणि माणसे शिकत होता. मोगलांच्या सरदारांना दक्षिण नकाशावर आणि हेरांच्या तोंडून कळत होती. अंबरला ती घोड्यावरून कळलेली होती.

१५९५ मध्ये मोगल शहजादा मुराद नगरच्या किल्ल्याला येऊन भिडला तेव्हा निजामशाहीचे दरबारी आपापसांत भांडत होते. चांदबिबीने तो वेढा परतवला, पण वऱ्हाड द्यावे लागले. १६०० मध्ये चांदबिबीचा आपल्याच लोकांनी घात केला आणि किल्ला मोगलांकडे गेला. अकबराच्या दृष्टीने निजामशाही तिथे संपली. पण त्याच साली अंबरने परांड्याला राजघराण्यातल्या एका मुलाला, दुसऱ्या मुर्तजाला, गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार हाती घेतला. या राज्याला राजधानी नव्हती, खजिना नव्हता, आणि अर्धे सरदार दुसऱ्याच गटाचे होते. राजू दख्खनी नावाचा प्रतिस्पर्धी निम्मा मुलूख दाबून बसला होता. नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत अंबर जबर जखमी झाला आणि त्याच्या माणसांनी त्याला कसेबसे उचलून नेले. एवढ्यातूनही सहा-सात वर्षांत त्याने राजूचा निकाल लावला, आणि १६१० च्या सुमारास नगरचा किल्लाही परत घेतला. विल्यम फिंच हा इंग्रज प्रवासी त्याच सुमाराला हिंदुस्थानात होता. अंबरच्या पदरी दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी आहेत, अशी नोंद त्याने केली आहे.

या दख्खनी फौजेतला मोठा भाग मराठा स्वारांचा होता. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव अशी घराणी निजामशाहीत वाढली ती याच काळात. हलके घोडे, थोडे सामान, रात्रीचा छापा, रसद तोडणे आणि समोरासमोर गाठ पडण्याआधीच निसटणे, या लढाईला मोगल बखरकार ‘बर्गीगिरी’ म्हणत आणि तिच्यावर मनापासून चिडत. १६११ मध्ये मोगल सरदार अब्दुल्लाखान गुजरातेतून मोठ्या तोऱ्यात नाशिकमार्गे उतरला. दुसऱ्या बाजूने येणाऱ्या फौजेसाठी थांबायलाही तो तयार नव्हता. अंबरच्या स्वारांनी वाटेत त्याचे असे लचके तोडले की, त्याला बागलाणातून मागे पळ काढावा लागला. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात अंबरचे नाव शिवीशिवाय क्वचितच घेतो. काळतोंड्या, करंटा, हीन कुळीचा, अशी विशेषणे ओळीने येतात.

या रागाचे एक चित्रही आहे. अबुल हसन हा जहांगीरचा नामांकित चित्रकार. त्याने १६१६ च्या सुमारास काढलेले हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. पृथ्वीच्या गोलावर जहांगीर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. बादशहाच्या हातात ताणलेले धनुष्य, आणि समोर भाल्यावर खोचलेले अंबरचे छाटलेले मुंडके. त्या मुंडक्यावर घुबड बसले आहे. रंगकाम अप्रतिम आहे, एकेक केस मोजून घ्यावा असे. प्रत्यक्षात जहांगीर आणि अंबर एकदाही समोरासमोर आले नाहीत, आणि अंबर त्यानंतर आणखी दहा वर्षे जगला व अंथरुणात मेला. जगातल्या सर्वांत श्रीमंत बादशहाला आपल्या शत्रूचे डोके फक्त कागदावर मिळाले. अंबरच्या पराक्रमाचे याहून मोठे प्रमाणपत्र मला दुसरे माहीत नाही, आणि तेही त्याच्या शत्रूने स्वतःच्या खर्चाने तयार करून घेतले.

आता धाऱ्याकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

निजामशाहीत त्याआधी वसुलीचा मोठा भाग मक्त्याने चाले. सरकारला पैसा आगाऊ हवा असे. जो जास्त बोली करी त्याच्या हाती परगणा जाई. मग त्या मक्तेदाराने आपली रक्कम आणि वर आपला नफा गावांतून कसा काढायचा, हे विचारणारे कोणी नसे. पाऊस पडो न पडो, त्याला त्याची मुदत संपण्याआधी सारे खणून काढायचे असे. गाव उठले, कुणबी रातोरात परमुलुखात गेला, तर तो पुढच्या मक्तेदाराचा प्रश्न. सततच्या लढायांत आणि अवर्षणात या पद्धतीने गावेच्या गावे ओस पडत.

अंबरने हा मक्ता बंद केला. वसुलीचे काम त्याने हिंदू, बहुतांशी ब्राह्मण, कारकुनांकडे दिले आणि त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवली. बागायत वेगळी, जिरायत वेगळी, काळी वेगळी, डोंगरउताराची बरड वेगळी. आधी काही हंगाम पीक प्रत्यक्ष पाहून सरकारचा हिस्सा धान्यात घेतला, साधारण पाचांत दोन वाटे. अनेक हंगामांचा अंदाज हाती आल्यावर तो हिस्सा रोख रकमेत बदलला, आणि ती रक्कम उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बसे. वसुली लागवडीखाली असलेल्या जमिनीवर, आणि पीक कसे आले ते बघून. गावचे पाटील, कुलकर्णी यांची वतने त्याने वंशपरंपरेने पक्की केली, त्यांना वसुलीला जबाबदार धरले, आणि कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिताना या व्यवस्थेची आवर्जून नोंद घेतली. दादोजी कोंडदेवांनी पुणे जहागिरीची घडी बसवली ती याच धर्तीवर, असे सांगतात.

तिसरा हिस्सा म्हणजे काही थोडे नव्हे, हे कबूल. शेतकऱ्याला आजच्या अर्थाने सुखी करणारी ही व्यवस्था होती, असे मी म्हणणार नाही. पण ती ठरलेली होती. पेरणीच्या वेळी कुणब्याला माहीत असे की, काय पिकले तर काय जाईल. नगर जिल्ह्यातल्या जिरायतदाराला या एका गोष्टीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इथे खरिपाचे पीक उभे असताना दर वर्षी पैसेवारीची चर्चा सुरू होते. आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या वर गेली की खाली राहिली, यावर गावाला दुष्काळी सवलत मिळणार की नाही ते ठरते. तहसील कचेरीसमोर त्या आकड्यासाठी निवेदने घेऊन उभी राहिलेली माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पीक बघून मागणी ठरवायची, आणि बघणाऱ्याने ते प्रामाणिकपणे बघायचे, या साध्या तत्त्वावर ही सारी माणसे आपला संसार तोलत असतात. चारशे वर्षांपूर्वी, पाठीवर मोगलांची फौज असताना, हे तत्त्व एका माणसाने राज्याचा नियम म्हणून बसवले.

हे त्यालाच का सुचले? इतिहासकार म्हणतात की, त्याला फौजेसाठी नियमित पैसा हवा होता, आणि ओसाड गावांतून तो मिळत नव्हता. ते खरेच आहे. चंगीझखानाच्या हाताखाली शिकलेला कारभार, मुलुखाची माहिती, शेजारी मोगलाईत तोडरमलने केलेला बंदोबस्त, ही कारणेही आहेत. पण माझे मन तेवढ्यावर थांबत नाही. ऐंशी गिल्डरांना ज्याची किंमत झाली, मग ज्याचा पुन्हा सौदा झाला, त्याने जास्त बोली बोलणाऱ्याच्या हाती परगणे देणे थांबवले, या दोन गोष्टी मला एकमेकींपासून सुट्या करून पाहता येत नाहीत. बोलीवर माणूस गेला की घेणारा त्याच्याकडे कसा बघतो, हे दरबारातल्या बाकीच्या अमीर-उमरावांना ऐकूनही माहीत नव्हते. अंबरला माहीत होते. हा अर्थ माझा आहे आणि मी तो पूर्ण विचारांती या पुस्तकाच्या मध्यभागी ठेवला आहे.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा देव करणे हा त्याच्यावर अन्यायच असतो. त्याच्या फौजेत विकत आणलेले हबशी होते. गुलामीचा बाजार त्याने बंद केला नाही, उलट त्याच बाजारातून माणसे घेतली. त्यांना शिकवले, वाढवले, अधिकार दिले हे खरे, तरी घेतले ते विकतच. आणि १६१० मधली गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. दुसऱ्या मुर्तजाच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. मुलीने बापाला कळवले. अंबरने राजाला आणि राणीला विष देवविले आणि पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले, असे डच वृत्तान्त सांगतो. राज्यातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या मनात ती जुनी जखम किती खोल होती, ते इथे दिसते. ज्या जखमेने त्याला कुणब्याचे दुःख कळले असे मी मानतो, तिनेच त्याच्या हातून हेही करवले. हे प्रकरण लिहिताना मी काहीही मवाळ केलेले नाही.

नगरकरांनी या पुस्तकातले एक प्रकरण तरी जरूर वाचावे, ते भातवडीचे. नगर तालुक्यातली आजची भातोडी ती हीच. १६२४ मध्ये अंबर शहात्तर वर्षांचा होता. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने मोगलांशी संधान बांधले तेव्हा अंबरने आपल्याकडून घाव घातला. बिदरकडे मुसंडी मारली, इब्राहिमने हौसेने वसवलेले नौरसपूर लुटले, विजापूरला वेढा घातला. मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा विजापूरचा सेनानी मुल्ला महंमद लारी याच्याबरोबर अंबरच्या मागावर निघाल्या. तो माघार घेत घेत नगरच्या रानात आला आणि भातवडीपाशी थांबला. तिथे निजामशाहीतला तलाव होता. अंबरने त्याचे पाणी सोडून दिले. पावसाळा नुकताच सरलेला, काळी जमीन. या जमिनीत ओल मुरली की बैल गुडघ्यापर्यंत रुततो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. शत्रूच्या तोफा, गाड्या, हत्ती, सगळे जागच्या जागी चिखलात. रसद तुटली. रात्री छापे पडू लागले. उपाशी शिपाई एकेक करून अंबरच्या छावणीत येऊ लागले, आणि तो त्यांना जेवू घाली. मग त्याने निकराचा हल्ला केला. लारी मारला गेला, लष्करखानासारखे मोगल सरदार कैद झाले.

त्या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी होते. मालोजीराजांना मूल होत नव्हते, नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि त्याच्या नावावरून दोन्ही मुलांची नावे ठेवली, ही कथा प्रसिद्ध आहे. त्या पीराचा दर्गा नगरजवळच आहे. त्याच नगरच्या रानात शरीफजी भातवडीला पडले, आणि तिथे त्यांची समाधी दाखवतात. शिवाजी महाराजांच्या दरबारातल्या परमानंदाने शिवभारतात या लढाईला आख्खा अध्याय दिला, यावरून भोसले घराण्याच्या स्मृतीत तिची जागा काय होती ते कळावे. हबशी पेशवा, मुसलमान गादी, मराठा स्वार, पीराच्या नावाचे भोसले बंधू. आज वेगवेगळ्या खुंट्यांना टांगलेल्या या गोष्टी त्या शिवारात एका बाजूने उभ्या होत्या. नगरच्या शाळांतून ही लढाई शिकवली जावी असे मला फार वाटते.

लढायांतले अपयशही कमी नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला मोगलांनी त्याचा पराभव केला, कारण त्याचेच काही मराठा सरदार फुटून पलीकडे गेले होते. त्याने वसवलेली खडकी त्या वेळी जाळली गेली. दुसऱ्याच वर्षी शहाजहानशी तह करून नगरचा किल्ला आणि बराच मुलूख द्यावा लागला. १६२१ मध्ये खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली. दोन्ही वेळा त्याने ती पुन्हा उभारली.

ही खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. तिथले त्याचे काम नगरकराला पाहताना ओळखीचे वाटते. नगर शहराला निजामशाहीत आजूबाजूच्या टेकड्यांकडच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणलेले होते. जमिनीखालून, नुसत्या उताराच्या हिशेबावर. अंबरने ती विद्या खडकीत मोठ्या प्रमाणावर वापरली. नहर-ए-अंबरी ही त्याची योजना. डोंगरातले झरे धरायचे, जमिनीखालच्या बांधीव मार्गाने पाणी शहरात आणायचे, ठरावीक अंतरावर विहिरीसारखे मनोरे ठेवायचे, म्हणजे हवा खेळती राहते, दाब सांभाळला जातो आणि साफसफाईला माणूस उतरू शकतो. हे काम १६१७ च्या सुमाराचे. लोक पाणचक्की पाहून परततात आणि तीच अंबरची म्हणून सांगतात, पण तिचा नहर वेगळा आणि बराच नंतरचा आहे. अंबरची खूण पाहायची असेल तर भडकल दरवाजा बघावा. आणि जुन्या वस्त्यांची नावे ऐकावीत : मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांच्या नावांनी ही पुरे वसली, असे मानले जाते. आपली राजधानी वसवताना आपल्या सरदारांना घरे, पेठा आणि नावनिशाणी देणारा हा माणूस होता. त्यांच्यातले काही उद्या उलटतील हेही त्याने पाहिले होते.

१६२६ च्या मे महिन्यात तो वारला. वय ऐंशीच्या घरात. खुलदाबादला त्याने आपल्या हयातीतच बांधून ठेवलेली कबर आहे, आणि जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचीही. जहांगीरच्या पदरचा इतिहासकार मुतमदखान याने त्याच्या मृत्यूची नोंद करताना बादशहाच्या शिव्या बाजूला ठेवल्या. युद्धात, सेनापतित्वात, न्यायबुद्धीत आणि कारभारात याच्या तोडीचा दुसरा नव्हता, मरेपर्यंत तो मानाने राहिला, आणि हबशी गुलामाने एवढी उंची गाठल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, अशा आशयाचे तो लिहितो. अंबरबद्दलचे आपले ज्ञान बरेचसे अशा परक्या आणि विरोधी लेखण्यांतून आलेले आहे : मोगल बखरकार, विजापूरचे दरबारी, डच आणि इंग्रज व्यापारी. त्याने आपले चरित्र लिहवून घेतले नाही. म्हणूनच या पुस्तकात मी शत्रूच्या तोंडून आलेल्या स्तुतीला सर्वांत जास्त वजन दिले आहे.

त्याच्यानंतर निजामशाही फार काळ टिकली नाही. मुलगा फतेहखान बापाच्या बुद्धीचा निघाला नाही. १६३० च्या भीषण दुष्काळाने मुलूख होरपळला, १६३३ मध्ये दौलताबाद पडले. शहाजीराजांनी निजामशाहीतल्या एका मुलाला गादीवर बसवून स्वतः कारभार हाती घेतला, परांड्याला अंबरने केले होते अगदी तसेच. हा डाव १६३६ मध्ये माहुलीला संपला. त्या वेळी शिवाजी महाराज सहा वर्षांचे होते. अंबरने स्वराज्याचा पाया घातला असे सरधोपट विधान मी करणार नाही. महाराजांचे काम त्यांचेच. पण ज्या घोडदळाने, ज्या डोंगरवाटांच्या जाणकारीने आणि जमिनीच्या ज्या हिशेबाने ते काम सुरू झाले, त्यांची तालीम या माणसाच्या हाताखाली झालेली होती, आणि हे मान्य करण्यात कोणाचाही मान कमी होत नाही.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिली तीन प्रकरणे चरित्राची आणि लढायांची आहेत, चौथे पूर्णपणे धाऱ्याचे, पाचवे खडकी आणि पाण्याचे, सहावे भातवडीचे, आणि शेवटी त्याच्या दरबारातल्या मराठा घराण्यांची हकीकत. महसुलाचे प्रकरण जड होईल म्हणून ते परिशिष्टात टाकावे, असा सल्ला मला मिळाला होता. मी तो मानला नाही. ज्यांना लढायांत रस आहे त्यांनी ते हवे तर ओलांडून जावे. पण ज्याच्या घरी सातबारा आहे, ज्याने एकदा तरी पीक पाहणीच्या वेळी बांधावर उभे राहून तलाठ्याची वाट पाहिली आहे, त्याने चौथ्या प्रकरणापासूनच सुरुवात करावी असे मी सुचवीन. अंबरची ओळख त्याला तिथे लवकर होईल, आणि मग लढाया का झाल्या तेही कळेल.